गुरुवार पेठेतला पूर्वपक्ष

आमच्या घरी 'पंचहौद' हा शब्द चहाच्या जोडीनेच यायचा. कुणी पाहुणा "चहा नको, आत्ताच झाला" म्हणून आढेवेढे घ्यायला लागला की आजी म्हणायची, "घ्या हो, पंचहौदातला नाहीये." पाहुणा पुण्याचा असला तर हसायचा. बाहेरगावचा असला तर त्याला सगळी गोष्ट ऐकावी लागायची: ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं, मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली, समोर रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. मग गोपाळराव जोश्यांनी (आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, एक नंबरचा खोडसाळ माणूस) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी सांगितलं, आपलं काशीत झालंय.

आजी गुरुवार पेठेतल्या वाड्यात लहानाची मोठी झाली. मिशनच्या मनोऱ्यावरच्या घंटांवर तिच्या माहेरी कुकरच्या आधीच्या काळातला भात शिजायचा म्हणे. तरी त्या फाटकाच्या आत ती आयुष्यात कधी गेली नाही.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे नाव मला भेटलं ते बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, संस्कृतच्या तासाला. सर वेदान्तावरचे आक्षेप शिकवत होते. शांकरमताची चिरफाड करणारं पुस्तक एका ख्रिस्ती पाद्र्याने लिहिलंय आणि तो पाद्री चित्पावन होता, एवढं सांगून ते पुढे गेले. मी घरी येऊन आजीला सांगितलं. काशीत वाढलेला आपल्यातला शास्त्री, मोठा विद्वान, ख्रिश्चन झाला, नाव नेहेम्या ठेवलं, पंचहौदलाही राहून गेला. आजी ताक घुसळत होती. रवी न थांबवता तिने एकच विचारलं.

"मग परत आला का?"

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "अरेरे." विषय संपला.

माझा संपला नाही. पुढे बावीस वर्षं मी संस्कृत शिकवलं. न्यायाचा, वेदान्ताचा कुठलाही ग्रंथ शिकवायला घेतला की दोन अक्षरांवर थांबून पोरांना ती घोटून घ्यायला लावायचे. 'ननु'. शास्त्रग्रंथात 'ननु' आलं की समजायचं, आता बोलतोय तो समोरचा. हा पूर्वपक्ष. ग्रंथकाराने विरोधकाचं म्हणणं इतक्या ताकदीने मांडायचं की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावं, बरोबर आहे की याचं. मग 'इति चेत्, न'. असं म्हणाल तर, नाही. तिथून उत्तरपक्ष सुरू. पोरं दरवर्षी गोंधळायची आणि शंकराचार्यांच्या तोंडी बौद्धांचं मत घालून पेपर लिहायची. मी मार्क कापायचे, पण मनात म्हणायचे, हा गोंधळ पूर्वपक्ष नीट मांडल्याचीच पावती आहे.

गोऱ्ह्यांचं आयुष्य मला याच दोन शब्दांमध्ये अडकलेलं दिसतं.

जन्म ८ फेब्रुवारी १८२५, झाशीजवळच्या काशीपुरा गावात. घराणं कोकणस्थांचं, पण कोकण केव्हाच सुटलेलं. वाडवडील बांद्याच्या नवाबाच्या पदरी. बांद्याचे नवाब म्हणजे बाजीराव-मस्तानीचा वंश, तेव्हा तिथे मराठी कारभारी असणं नवलाचं नव्हतं. पुढे बिऱ्हाड काशीला. गंगेच्या घाटांवर मराठी ब्राह्मणांची दाट वस्ती होती, घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका त्याच काळात त्याच काशीतली. ती झाशीला गेली आणि आपल्या पाठ्यपुस्तकात आली. झाशीकडून काशीला आलेला हा मुलगा आला नाही.

त्या वेळी जॉन म्यूर नावाच्या एका स्कॉटिश सनदी अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिला होता. संस्कृतात, श्लोकबद्ध. ख्रिस्ती धर्मच खरा, असं पंडितांना त्यांच्याच भाषेत पटवायचा घाट. मला हा माणूस आवडतो, कारण त्याने वाद घालायच्या आधी समोरच्याचं व्याकरण शिकून घेतलं. तीन पंडितांनी त्याला संस्कृतातच उत्तरं दिली. पहिले सुबाजी बापू, तेही मराठीच. दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरा, १८४४-४५ च्या सुमारास, आमचा नीळकंठ. वय एकोणीस-वीस.

त्याच्या ग्रंथाचं नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. त्यातले आक्षेप आजही कुणा पाद्र्याला सहज पचायचे नाहीत. माणूस पन्नास-साठ वर्षं जगणार, त्यात पाप करून करून किती करणार, आणि त्याला नरक मात्र अनंतकाळ? हा कुठला न्याय? एक मूल जन्मतः आंधळं, दुसरं धडधाकट. पूर्वजन्म नाही म्हणता, मग पहिल्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? मुक्या जनावरांनी कुठलं पाप केलं म्हणून ती हाल सोसतात? कर्मसिद्धान्ताकडे याची उत्तरं आहेत, तुमच्याकडे काय आहे?

असा प्रश्न विचारणारा मुलगा तीन-चार वर्षांत ख्रिस्ती होतो, हे कोडं आहे. सोपी उत्तरं दोन. आजीच्या पिढीचं, की बाटवला. मिशनऱ्यांचं, की प्रकाश दिसला. दोन्ही मला पोकळ वाटतात. घडलं ते असं: हा वाद घालायला म्हणून चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ नावाच्या पाद्र्याकडे गेला. स्मिथ काही वादपटू नव्हता. त्याने वाचायला पुस्तकं दिली. नीळकंठ वाचत गेला, परत येत गेला, भांडत गेला. वादात समोरचा हरला तर आपण सुटतो. समोरचा वादच घालत नसेल तर आपले आक्षेप घेऊन घरी यावं लागतं आणि रात्री त्यांना उत्तरंही आपणच शोधावी लागतात. त्याचं हेच झालं असावं, असा माझा अंदाज. दुसऱ्याला गप्प करायला शिकलेल्या बुद्धीने स्वतःलाच धरलं. १४ मार्च १८४८ ला जौनपूरला त्याचा बाप्तिस्मा झाला. काशीत नाही, जौनपूरला. काशीत काय गहजब झाला असता, हे वेगळं सांगायला नको.

त्याच्या बायकोचं नाव लक्ष्मीबाई. नवऱ्यामागोमाग तीही घरदार सोडून आली. १८५३ मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई गेली. तिचं स्वतःचं असं एक वाक्यही मागे राहिलेलं नाही. इथे मला राहून राहून दुसरी लक्ष्मीबाई आठवते, रेव्हरंड टिळकांची. तिने नवऱ्याचं धर्मांतर, स्वतःचा संताप, रडणं, पुन्हा एकत्र येणं, सगळं आपल्या मराठीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ना. वा. टिळक घरातल्या माणसासारखे माहीत आहेत, त्यांच्या विसरभोळेपणासकट. गोऱ्हे आपल्याला तसे माहीत नाहीत, याचं मोठं कारण मला तरी हेच दिसतं. त्यांचं चरित्र लिहिलं ते एका इंग्रज संन्याशाने, इंग्रजीत. घरातून त्यांच्याकडे बघणारं कुणी उरलंच नाही.

मुलीचं नाव एलन लक्ष्मी. आई गेलेली, बापाला संसार जमणारा नव्हता. तिला एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने सांभाळलं. सत्तावनच्या धामधुमीत त्यांचं होतं नव्हतं ते गेलं. मग स्टॉर्स नावाच्या मिशनरी कुटुंबाने तिला घेतलं आणि १८६५ मध्ये इंग्लंडला नेलं. ती तिकडेच वाढली, इंग्रजीत कविता करायला लागली, तिची एक प्रार्थना इंग्रजी भजनांच्या पुस्तकांतून जगभर गायली गेली. १८८० मध्ये ती भारतात परतली, पुढे डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका, झाली, १९३७ पर्यंत जगली. काशीच्या शास्त्र्याची मुलगी, आणि तिची पहिली भाषा इंग्रजी. गोऱ्ह्यांच्या वैराग्याचं सगळेच कौतुक करतात. त्या वैराग्याचं बिल कुणी भरलं, हे मला एलनची जन्मतारीख वाचताना कळतं.

१८५४ मध्ये ते स्वतः इंग्लंडला गेले होते. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग, वय पंधरा-सोळा, नुकतेच ख्रिस्ती झालेले, विलायतेला निघाले. सोबत पंडित म्हणून गोऱ्हे. राज्य गेलेला एक पोर आणि घर गेलेला एक शास्त्री, एकाच बोटीत. इंग्लंडमध्ये संस्कृतचे जर्मन पंडित माक्स म्युलर यांची गाठ पडली. म्युलरने म्हातारपणी जुन्या भारतीय ओळखींबद्दल लिहिताना यांची आठवण काढलीय. गोऱ्हे अगदी खचलेले होते. पुस्तकातून कळलेला ख्रिस्त ज्यांच्या देशात रस्तोरस्ती दिसेल अशी कल्पना करून हा माणूस आला होता, आणि समोर लंडन. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मी ख्रिस्ती नाही, मला घरी जाऊ दे, अशा अर्थाचं ते बोलले. आपला एखादा वारकरी पंढरपूरला पहिल्यांदा जाऊन बडव्यांच्या तावडीत सापडावा, तसं काहीसं.

पण परत आल्यावरही त्यांनी धर्म सोडला नाही. १८६० मध्ये 'षड्दर्शनदर्पण' छापून आलं. हिंदीत. सरांनी उल्लेख केलेलं पुस्तक हेच. दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने ते इंग्रजीत आणलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातून चरफडले, आणि तरी प्रत्येक पानावर पेन्सिलीने खुणा करत गेले. वेदान्ती सत्तेचे तीन प्रकार मानतात. पारमार्थिक म्हणजे ब्रह्माची, व्यावहारिक म्हणजे या जगाची, प्रातिभासिक म्हणजे दोरीवर दिसणाऱ्या सापाची. गोऱ्हे विचारतात, व्यावहारिक सत्ता ही खरी की खोटी? खरी असेल तर अद्वैत बुडालं. खोटी असेल तर जग आणि दोरीवरचा साप यांत फरक काय राहिला? मधलं तिसरं नाव देऊन तुम्ही फक्त प्रश्न पुढे ढकलता. आणि ज्याला गुण नाही, इच्छा नाही, जाणण्याची क्रियाही नाही, त्या ब्रह्मात आणि शून्यात भेद कसा दाखवाल? याला उत्तरं नाहीत असं नाही, आपल्याकडच्या द्वैतींनी असलंच काही आधी विचारून झालंय. पण घाव घालणारा हात घरचा आहे हे लगेच कळतं. मारायचं कुठे, ते बाहेरच्याला इतकं नेमकं ठाऊक नसतं.

बाप्तिस्म्यानंतर डीकन, म्हणजे पाळकपदाची पहिली पायरी, व्हायला त्यांना वीस वर्षं लागली: १८६८. पूर्ण पाळकपद १८७० मध्ये. इथे एक सांगायला हवं. मराठी ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला नगरचं अमेरिकन मिशन आठवतं, नाही तर मुंबईचे स्कॉटिश विल्सन. गोऱ्हे त्यातले नव्हेत, ते अँग्लिकन, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या राजचर्चचे. या चर्चच्या खुणा आपल्याकडे तुरळक: नाशिकचं शरणपूर, पुण्याचं पंचहौद, अशा. आणि त्या चर्चमध्येही गोऱ्हे ओढले गेले ते जुन्या वळणाच्या बाजूला. उपास, पापाची कबुली, ब्रह्मचर्य, मठ. १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळ काउलीला रिचर्ड बेन्सन यांनी अँग्लिकन संन्याशांचा संघ काढला होता. पुण्याचं पंचहौद त्याच संघाचं. पोपपासून फुटल्यावर तीनशे वर्षं इंग्लंडच्या चर्चने मठ बंद ठेवले होते, ते पुन्हा उघडायचा हा उद्योग. १८७६ मध्ये गोऱ्हे तिथे उमेदवारीला गेले. शेवटची शपथ मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, उरलेलं सगळं आयुष्य उमेदवारच राहिला. शंकांनी त्यांचा पिच्छा कधी सोडला नाही, असं त्यांचे चरित्रकार, त्याच संघातले गार्डनर सांगतात. मधूनच त्यांना रोमन कॅथलिक व्हावंसं वाटे. आपण जे मानतो ते पुरेसं सिद्ध आहे का, हा किडा रात्रंदिवस. ननु, ननु, ननु.

त्यांच्या पुण्या-मुंबईतल्या व्याख्यानांचं लक्ष्य जुने शास्त्री नव्हते, प्रार्थना समाज होता. मला वाटतं त्यांना सर्वांत जास्त राग सोयीस्कर मध्यममार्गाचा यायचा. समाजाची मंडळी म्हणत, देव एक आहे, तो प्रेमळ पिता आहे, हे आमची बुद्धीच सांगते. त्यासाठी बायबलही नको आणि वेदही नको. गोऱ्हे म्हणत, थांबा. तुमच्या आजोबांनाही बुद्धी होती. त्यांना हा प्रेमळ पिता का नाही सापडला? तो तुम्हाला मिशनच्या शाळेत भेटला आणि आता तुम्ही त्याला स्वतःच्या बुद्धीतून काढल्याचं सांगताय. रानडे-भांडारकरांसारख्या माणसांना असं तोंडावर विचारणारे त्या काळात फार नसणार.

या बाणाने वेध घेतला तो मात्र एका बाईचा. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा त्या ब्राह्मो, म्हणजे प्रार्थना समाजासारख्याच एकेश्वरी मताच्या होत्या. गोऱ्ह्यांशी त्यांचं बोलणं झालं, त्यांच्या लिखाणाचा परिणाम झाला आणि २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मो मतावरून आपलं मन वळवण्याची ताकद गोऱ्ह्यांखेरीज कुणात नव्हती, अशा अर्थाचं त्यांनीच लिहिलंय. दोघंही चित्पावन, दोघंही पुण्याच्या पेठांबाहेर वाढलेली, दोघांच्याही जिभेवर संस्कृत. दोघांत तेहतीस वर्षांचं अंतर. गंमत पुढे आहे. ज्या चर्चमध्ये गोऱ्ह्यांनी त्यांना आणलं त्याच चर्चच्या सिस्टरांशी रमाबाईंनी कडकडून भांडण मांडलं. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे बायबलात स्पष्ट कुठे लिहिलंय ते दाखवा. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? मी मिशनऱ्यांचा देव घेतलाय, त्यांचे सगळे नियम नाहीत. गोऱ्हे समजावत राहिले. त्यांना तिच्यात स्वतःचं एकोणिसावं वर्ष दिसलं असेल का? फरक एवढाच की रमाबाई शंका मोठ्याने विचारून मोकळ्या झाल्या आणि केडगावला जाऊन त्यांनी गाव उभं केलं. गोऱ्हे शंका पोटात घेऊन चटईवर झोपले.

दोन वर्षांपूर्वी, निवृत्त झाल्यावर, एका रविवारी मी पंचहौदला गेले. आजीच्या फाटकातून आत. १८८५ मध्ये उभं राहिलेलं पवित्र नाम देवालय, बाजूला तो उंच मनोरा. आत मराठी उपासना चालू होती. मी शेवटच्या बाकावर. पुढच्या बाकावर एक आजी नातवाला हळूच चिमटा काढून उभं करत होती. विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली वाक्यं, आला तशी सगळी उभी राहिली आणि एका सुरात म्हणायला लागली. रामरक्षा म्हणतात तसंच, अर्ध्यांचे ओठ सवयीने पुढे पळणारे. ज्या वाक्यांपाशी गोऱ्हे आयुष्यभर अडखळत राहिले ती वाक्यं इथे एका मिनिटात पार झाली.

बाहेर आल्यावर टाय लावलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारलं, "इथे फादर गोऱ्हे होते ना पूर्वी?"

ते हसले. "गोरे फादर? मॅडम, सुरुवातीला सगळे गोरेच होते की!"

मी दुरुस्ती केली. त्यांनी मान हलवली, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग कागदी कप माझ्यापुढे करत म्हणाले, "चहा घेणार ना?" मी घेतला. आलं जरा जास्त होतं.

गोऱ्हे मुंबईत वारले, २९ ऑक्टोबर १८९५ ला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. म्हणजे एकाची वाट संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं, मराठी माणसाला ते रुचलं. गोऱ्ह्यांचा ख्रिस्त तर्कशास्त्राच्या अनुमानवाक्यातच राहिला, आणि अनुमानवाक्यं कुणी गुणगुणत नाही.

एक गोष्ट राहिली. नरकावरचा आणि जन्मांधळ्या मुलावरचा तो एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा संस्कृत ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेलाच नाही. हस्तलिखित तेवढं कुठे कुठे उतरत राहिलं. शेवटी उज्जैनला सदाशिव कात्रे यांनी तो संपादित केला आणि १९५१ मध्ये तो छापून आला, लेखकाच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी. माझ्याकडे आता त्याच्या आणि 'षड्दर्शनदर्पणा'च्या, दोन्हींच्या झेरॉक्स प्रती आहेत, एकाच कप्प्यात. परवा आवरताना मी त्या छपाईच्या सालाप्रमाणे लावल्या. आधी १८६०, हिंदू दर्शनांचं खंडन. मग १९५१, ख्रिस्ती मताचं खंडन. लेखक एकच. ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्याने तो कप्पा बघितला तर आजीला हवं होतं तेच उत्तर त्याला मिळेल: गेला होता, पण आला परत.